सावडीचा दाखला

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. उभ्या आयुष्यात मी जे लिहिले ते कापसाची आवक, रुईची जावक आणि गठाणींचे वजन – एवढेच. सत्तरी उलटलेल्या माणसाने एके दिवशी कागद पुढे ओढावा आणि अनोळखी वाचकाचा वेळ मागावा, ही धिटाई झाली. आणि धिटाई हा माझा गुण कधीच नव्हता. तेव्हा क्षमा असावी.

जे सांगणार आहे ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलांना नाही. सांगण्याची वेळ अनेकदा आली – आणि प्रत्येक वेळी मी घसा खाकरून दुसऱ्याच विषयाकडे वळलो. किसन नावाच्या एका माणसाविषयी हे आहे. त्याच्या शब्दाला किंमत होती, ती माझ्यामुळे गेली. एका वाक्यात सांगायचे तर इतकेच. पण एका वाक्यात सांगितले तर ते अपघातासारखे वाटते, आणि तो अपघात नव्हता.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. डोणगावच्या बाहेर, मेहकरच्या वाटेवर एक जीन होती – कापसातून सरकी काढण्याचा आणि रुईच्या गठाणी बांधण्याचा कारखाना. मी सुलतानपूरच्या शेतकऱ्याचा मुलगा; मॅट्रिकनंतर एक वर्ष अमरावतीला कॉलेजात काढून परत आलेला. इंग्रजी वाचता येत असे, म्हणून त्या जिनीत मला बाबूची जागा मिळाली. हजेरी घ्यायची, भोंगा वाजवायला सांगायचे, कोणी किती वेळ काम केले ते टिपायचे. सगळे मला ‘बाबूजी’ म्हणत. मी मान खाली घालून उत्तर देत असे. शाळेत कविता म्हणायला उभे केले की माझा घसा बंद व्हायचा. पुढे वय वाढले, शिक्षण वाढले, घसा मात्र तसाच राहिला. हे मी कीव यावी म्हणून सांगत नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ इथे आहे, म्हणून सांगतो.

किसन दाबखान्यात, म्हणजे रुई दाबून गठाणी बांधतात तिथे, होता. यंत्रांतून निघालेली रुई टोपल्यांनी उचलून दाबखान्यात टाकायची, हे त्याचे काम. पण त्याची ओळख त्या कामाने नव्हती. डोणगावच्या बैलबाजारात किसनला बोलावत. बैलाचा ओठ वर करून तो दात पाहायचा आणि वय सांगायचा. खोड असली तर तीही सांगायचा, मग विकणारा त्याचा सोयरा का असेना. गिऱ्हाईक आणि विकणारा अडून बसले की कोणीतरी म्हणायचे, “किसनले इचारा.” किसन सांगेल ते दोघेही मान्य करत. त्याबद्दल मिळायचे ते चहा, सुपारी, फार तर एखादा रुपया. पण बाजारात शिरताना त्याची चाल वेगळी असायची. दाबखान्यात वाकून चालणारा हा माणूस बाजारात ताठ चालायचा. मी ते पाहिले आहे. म्हणून तर आज हे लिहायला बसलो आहे.

आठवडी बाजाराच्या दिवशी आमची जीन दुपारीच बंद व्हायची. हा जुना रिवाज होता. बाजार असताना माणूस थांबवून ठेवणे कोणाही मालकाला शोभले नसते, आणि थांबवले असते तरी कोणी थांबले नसते. लोक त्याला आमच्या मालकांचा, शेठजींचा चांगुलपणा मानत, आणि चांगुलपणाची फेड करायची असते हे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. इतर दिवशी गाड्यांची रांग लागली की दहा-दहा, अकरा-अकरा तास काम चालायचे आणि कोणी कुरकुरत नसे. कधी कापूस ओला आला तर मात्र यंत्रे चालत नसत, मग दुपारीच सुटीचा भोंगा.

पूर्वी सगळ्यांना दिवसाचा रोज मिळे. त्या हंगामापासून शेठजींनी तासावर मजुरी सुरू केली. तेव्हा पहिल्यांदा प्रश्न उभा राहिला – जास्तीच्या तासांचे काय? सरकारचा कायदा आहे, जास्तीच्या तासाला दुप्पट मिळते, असे कुठून तरी कानावर आले होते. पण जास्तीचा तास म्हणजे कोणता? तो कुठून मोजायचा?

एके दुपारी भाकरीच्या सुटीत सगळे कडुनिंबाखाली बसले होते. यंत्रावर कापूस भरणारी गंगूबाई – जिच्या जिभेला शेठजीसुद्धा वचकून असत – मला हाक मारून म्हणाली, “बाबूजी, तुमी इंग्रजी वाचता. मंग आमाले सांगून द्या ना एकडाव. अकरा तास झाले त दुप्पट भेटते का नाई?”

फाटकाजवळ कायद्याचा सारांश लावलेला होता, बारीक इंग्रजीत. मी तो वाचला होता – म्हणजे त्यावरून नजर फिरवली होती. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, हा आकडा डोक्यात राहिला होता. बाकीचे मी वाचले होते का? वाचले असेल, तर समजले होते का? त्या क्षणी मला तशी शंकाही आली नाही. चाळीसएक माणसे माझ्याकडे पाहत होती आणि काय झाले कोणास ठाऊक – माझा घसा उघडला.

मी त्यांना सावडीचा दाखला दिला. आमच्या भागात ज्याच्याकडे एकच बैल असतो तो शेजाऱ्याशी सावड करतो. आज दोन्ही बैल तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मी म्हणालो, सावडीत कोणी एका दिवसाचा हिशेब मागतो का? सोमवारी शेजाऱ्याचा बैल तुमच्याकडे जास्त राबला, गुरुवारी तुमचा त्याच्याकडे राबला – शेवटी फिटंफाट. कामाच्या तासांचेही तसेच आहे. एका दिवशी अकरा झाले, बाजाराच्या दिवशी चार झाले; आठवड्याच्या शेवटी बेरीज करायची. बेरीज अठ्ठेचाळीसच्या वर गेली तर दुप्पट. नाही गेली तर फिटंफाट.

सगळे समजले. असे समजले की माना डोलू लागल्या. एक म्हातारा म्हणाला, “असं सांगाले पायजे. नाई त सरकारचं बोलणं म्हंजे दगडावर पानी.” गंगूबाईने आपल्या फडक्यातली चटणी माझ्या भाकरीवर ठेवली. मी घरी कसा गेलो ते मला आठवत नाही. हलका होऊन गेलो एवढे आठवते. माझे बोलणे लोकांनी पूर्ण ऐकून घेतले होते. तुमच्यासारख्या, बोलायला न लाजणाऱ्या माणसाला यातले सुख कदाचित कळणार नाही.

फक्त किसन म्हणाला की हे बरोबर नाही.

तो आधी एक हंगाम खामगावकडच्या एका कारखान्यात काम करून आला होता. अदबीनेच म्हणाला, “बाबूजी, तुमी शिकलेले हा. पण तिथं दिवसाचा हिशोब दिवसालेच व्हाचा. नऊ तास झाले का पुढचा तास दुप्पट. आठवड्याचा हिशोब अलग राहे.”

मी काही बोलण्याआधीच गंगूबाई म्हणाली, “हाव, आन खामगावात बैलही बसल्या बसल्या तास मोजत असतीन. नाई का रे, किसन?”

हशा पिकला. मीही हसलो. किसन म्हणाला, “मी खोटं काऊन बोलू?” पण ते हशातच गेले. त्या दिवसापासून त्याचे नाव ‘खामगाव्या’ पडले. कोणी जरा वाढवून बोलला की म्हणायचे, “खामगावची गोष्ट नोको सांगू बे.” आधी ती थट्टा होती. पण थट्टेला पाय असतात. ती जिनीतून बाजारात गेली. बैलाचा ओठ वर करून किसन वय सांगू लागला की बाजूचा कोणीतरी म्हणायचा, “खामगावचे दात हायेत का इथचे?” दोन-चार बाजारांतच लोक दुसऱ्याला विचारू लागले. ज्याच्या बोलण्यावर हसू येते, त्याच्या बोलण्यावर बैल कोण घेईल?

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, चूक झाली, समजुतीची चूक. तिचे एवढे काय? एवढेच असते तर मीही लिहिले नसते.

पुढच्याच महिन्यात सरकारी निरीक्षक आले. यंत्रांच्या पट्ट्यांना जाळ्या आहेत का, पिण्याच्या पाण्याची सोय आहे का, इतके पाहायला आले होते. शेठजी बाहेरगावी होते, म्हणून चहा मी दिला. निरीक्षक मृदू बोलणारे गृहस्थ होते. मी धीर करून जास्तीच्या तासांचे विचारले – आणि पाहा, तेव्हाही सरळ विचारले नाही. दुसऱ्या एका जिनीतल्या मित्राने विचारायला सांगितले आहे, असे म्हणालो. ते हसून म्हणाले, “बरेच जण इथेच घोटाळा करतात. मापं दोन आहेत. दिवसाचं नऊ तासांचं, आठवड्याचं अठ्ठेचाळीसचं. कोणतंही एक ओलांडलं की वरचे तास दुप्पट. बाजाराच्या दिवशी चारच तास झाले, म्हणून आदल्या दिवशीचे अकरा काही नऊ होत नाहीत. झालेला दिवस झाला.”

झालेला दिवस झाला. इतके साधे होते ते. सावडीत दोन्हीकडे बैल असतात, दोन्हीकडे शेत असते. इथे एकीकडे माणसाचे अंग होते. दुसरीकडे काय होते? ज्या दिवशी अंग जास्त झिजले तो दिवस परत कोण देणार होते? माझा दाखला ऐकायला गोड होता आणि मुळापासून चुकीचा होता. आणि किसन अक्षर न् अक्षर खरे बोलला होता.

निरीक्षकांनी चहा संपवला आणि विचारले, “तुमच्याकडे सगळं ठीक ना? कोणाची काही तक्रार?”

कचेरीच्या दारातून दाबखाना दिसत असे. किसन तिथे टोपली घेऊन निघाला होता. साहेब आलेले पाहून तो थांबला. त्याने टोपली खाली ठेवली, कपाळाचा घाम पुसला आणि दोन पावले आमच्याकडे टाकली. विचारावे की न विचारावे, अशा चेहऱ्याने. निरीक्षकांचे लक्ष गेले. म्हणाले, “त्याला काही सांगायचं आहे वाटतं.”

आता लिहितो. हेच लिहायचे होते.

मी म्हणालो, “त्याच्या बोलण्यावर फार जाऊ नका, साहेब. त्याला वाढवून बोलायची सवय आहे.”

‘तोंडातून निघून गेले’ – असे मी आधी लिहिले होते; ते खोडले. निघून गेले नव्हते. निरीक्षकांनी नुकतेच मला खरे काय ते सांगितले होते, समोरचा माणूस तेच खरे सांगायला येत होता आणि तो आला तर कडुनिंबाखालच्या त्या दुपारचे काय होईल, हे मला पूर्ण दिसत होते. गंगूबाई काय म्हणेल तेही ऐकू येत होते. मला कोणी धमकावले नव्हते. शेठजींनी मला कधी काही सांगितले नव्हते. माझा दाखला त्यांच्या किती सोयीचा आहे, हे त्यांना कळले असेल किंवा नसेल, मला त्याचा एक पैसाही मिळाला नाही. मला फक्त त्या दुपारचा ‘बाबूजी’ राहायचे होते. म्हणून एका खऱ्या माणसाला मी, तो खरा आहे हे ठाऊक असताना, खोटा ठरवला.

निरीक्षक बरे म्हणून उठले. किसनने टोपली पुन्हा उचलली. माझे शब्द त्याला ऐकू गेले का? अंतर फार नव्हते. पण यंत्रे चालू होती. पुढे कित्येक वर्षे मी त्या यंत्रांच्या आवाजाचा आधार घेतला.

लोकांना मी काही सांगितले नाही. उद्या सांगू म्हणालो; मग हंगाम संपल्यावर; मग पुढच्या हंगामाच्या आधी. जास्तीचे तास होत राहिले आणि माझा दाखला चालत राहिला. नवीन माणूस कामाला आला की जुनेच त्याला समजावून सांगत – सावडीसारखं असते रे, शेवटी फिटंफाट. माझेच शब्द. मी ऐकत असे आणि हजेरीवर मान घालत असे.

काही वर्षांनी दुसरे अधिकारी आले, त्यांनी भाकरीच्या सुटीत सगळ्यांना बोलावून नियम मराठीत सांगितला आणि दिवसाचा हिशेब दिवसाला सुरू झाला. मला वाटले, आता सुटलो – आता किसन खरा ठरेल, मी खोटा ठरेन आणि हे ओझे उतरेल. काय झाले सांगू? गंगूबाई म्हणाली, “आता कायदा बदलला. बाबूजींच्या टायमाले अलग होता.” सगळ्यांनी मान डोलावली. मला वाचवण्यासाठी त्यांनी एक कायदाच बदलून टाकला. आणि किसनने हे आधी सांगितले होते, ही गोष्ट कोणाला आठवली नाही. त्याचे नाव खामगाव्याच राहिले. ते का पडले होते, हे विसरून गेले होते सगळे. मी तिथेच उभा होतो. ‘कायदा बदललेला नाही,’ इतके तीन शब्द बोलायचे होते. माझा घसा बंद झाला. या वेळी मात्र मी घशाला दोष देणार नाही.

किसनशी शेवटचे बोलणे बैलबाजारात झाले. माझ्या मेव्हण्याला बैल घ्यायचा होता, म्हणून त्याच्यासोबत गेलो होतो. किसन आता जिनीत नव्हता. बीबी गावी मुलीकडे राहत होता आणि बाजाराला आला होता. बाजाराच्या कडेला, जिथे दोरखंड आणि घुंगरमाळा विकतात तिथे, नुसताच बसला होता. मी मेव्हण्याला म्हणालो, याला दाखवू. का म्हणालो? फेड करायची होती मला, एका बैलाच्या दातांवर. किती स्वस्तात.

किसन उठला. बैलाजवळ जाताना त्याची पाठ सरळ झाली, ते मी पाहिले. त्याने ओठ वर केला, हनुवटीखाली हात ठेवून नीट पाहिले, मानेवरून हात फिरवला. म्हणाला, “चार दाती हाये. खोड नाई. घ्या.” आणि मग, माझ्याकडे बघत, अगदी साध्या आवाजात – रागाचा लवलेश नव्हता – म्हणाला, “पण माह्या बोलण्यावर फार नोको जा, बाबूजी. दुसऱ्या कोणाले दाखवून घ्या.”

म्हणजे यंत्रांच्या आवाजातून त्याने ऐकले होते. इतकी वर्षे त्याला ठाऊक होते. आणि जिनीत होता तोवर तो मला रोज ‘राम राम, बाबूजी’ म्हणत आला होता.

आणि मी काय केले? मेव्हणा म्हणाला, हो, आणखी एकाला दाखवू, एवढे पैसे घालायचे आहेत. मी नको म्हणालो नाही. किसनच्या समोर आम्ही दुसऱ्याला बोलावले. त्याने ओठ वर केला आणि सांगितले – चार दाती, खोड नाही, घ्या. किसनने ते ऐकले. पुन्हा दोरखंडांपाशी जाऊन बसला. मेव्हण्याने बैल घेतला. तो बैल पुढे चांगला चालला.

किसन आता नाही. गंगूबाई नाही. जिनीच्या जागेवर नुसत्या भिंती आहेत. मला खोटे ठरवू शकेल असा कोणी उरला नाही, तेव्हा मी लिहायला बसलो – हेही माझ्या स्वभावाला धरूनच झाले. या लिहिण्याने किसनचे काही परत येत नाही आणि माझे काही फिटत नाही. सावडीचा दाखला मी पुन्हा कधी दिलेला नाही.

एवढेच विचारतो. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याने तोंड उघडण्याआधीच लोक हसतात. तो पहिल्यांदा काय बोलला होता, हे तुम्ही कधी कोणाला विचारले आहे का?